साध्या दिसणाऱ्या किटलीच्या आत: स्कँडिनेव्हियन चहा-कॉफीची भांडी कशी चालतात, कशी वापरायची

एका हाताने उचला, तिरका करा, कॉफी पडते. सरळ धरा, थांबते. झाकण फिरवायला नको, बटण दाबायला नको. डेन्मार्कच्या स्टेल्टन कंपनीसाठी एरिक मॅग्नुसेन यांनी आखलेला हा उभट थर्मास-जग १९७७ साली बाजारात आला आणि ‘ईएम ७७’ या नावाने आजही विकला जातो. फोटोत पाहिलं तर एक गुळगुळीत नळकांडं, वर टोकदार चोच आणि बाजूला कान, इतकंच दिसतं. जे आहे ते झाकणात आहे.

त्या झाकणाच्या आत एक झडप आसावर टांगलेली असते. जग उभा असताना झडप स्वतःच्या वजनाने बंद राहते, जग कलला की त्याच वजनाने उघडते. आत स्प्रिंग नाही, त्यामुळे स्प्रिंग ढिली पडणं, गंजणं, अडकणं हा प्रकारच नाही. मात्र याच रचनेमुळे हा जग प्रवासाचा नाही. आडवा ठेवला की झडप उघडणारच आणि पिशवी भिजणारच. म्हणून त्याच्यासोबत दुसरं, आट्यांचं झाकण मिळतं. ने-आण करताना ते लावायचं आणि टेबलावर आलं की डुलतं झाकण बसवायचं. ‘गळतं’ अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी ते दुसरं झाकण खोक्यातच ठेवलेलं असतं.

या उत्तरेकडच्या भांड्यांचा देखणेपणा बहुतेक वेळा असाच घडलेला असतो: वापरातली एखादी कटकट शोधली, ती काढून टाकली, आणि उरला तो आकार. कुठली कटकट काढली आहे हे समजलं, की भांडं कशासाठी घ्यावं हे कळतं, आणि कशासाठी घेऊ नये हेही. आपल्याकडे ही दुसरी बाजू जास्त महत्त्वाची, कारण ही सगळी भांडी काळ्या कॉफीसाठी आणि गरम पाण्यात मुरवलेल्या चहासाठी बनलेली आहेत. आधण ठेवून, दूध-साखर घालून उकळलेला चहा त्यांच्या आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता.

आधी थोडं मूळ

काटेकोर बोलायचं तर स्कँडिनेव्हिया म्हणजे डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे. फिनलंड त्यांचा शेजारी. पण भांड्यांच्या बाबतीत या चौघांना एकत्रच धरतात, आणि तसंच बरोबर आहे.

हे वळण अचानक आलेलं नाही. स्वीडनमध्ये १९१७ साली गुस्तावस्बर्गच्या कारखान्यासाठी विल्हेल्म कोगे यांनी कामगारांच्या घरांना परवडेल असा निळ्या फुलांचा जेवणाचा सेट आखला. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, कलेचे इतिहासकार ग्रेगोर पॉलसन यांनी एक छोटं पुस्तक काढलं. त्याच्या नावाचा अर्थच ‘रोजच्या वापरातल्या अधिक सुंदर वस्तू’ असा होतो. चांगली वस्तू पाहुण्यांसाठी कपाटात न ठेवता रोज हाताळावी, हा आग्रह तिथून पुढे सगळ्या भागात रुजला.

फिनलंडमध्ये काई फ्रांक यांनी तो आग्रह टोकाला नेला. अराबिया कारखान्यासाठी त्यांनी केलेली ‘किल्टा’ ही भांडी १९५३ साली आली. युद्धानंतर घरं लहान झाली होती, पैसा कमी होता, आणि तरी लग्नात चोवीस-छत्तीस नगांचा नक्षीदार सेट द्यायची रीत चालू होती. फ्रांक यांनी सेट ही कल्पनाच मोडली. गोल, चौकोन, आयत एवढेच आकार, सपाट रंग, एकात एक बसणारी भांडी आणि विक्री सुट्या नगांची. एक कप फुटला तर एकच कप आणायचा, आणि तो वेगळ्या रंगाचा आला तरी विजोड दिसत नाही. किल्टा सत्तरच्या दशकात बंद झाली. थोडे बदल आणि टणक पोर्सिलेन घेऊन १९८१ साली ‘तेमा’ या नावाने परत आली. आज ती ‘इत्ताला’ या फिनिश कंपनीच्या नावाखाली मिळते. भांड्याच्या तळावर आखणाऱ्याचं नाव मिरवू नये असं फ्रांक जाहीरपणे म्हणत, हे आजच्या जाहिराती पाहताना आवर्जून आठवावं.

तळावर ‘मेड इन थायलंड’ दिसलं म्हणून माल खोटा ठरत नाही. हेलसिंकीतला अराबियाचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला आणि काम बाहेरच्या देशांत गेलं. डिझाइन कुणाचं आणि भट्टी कुठली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

थर्मास-जग: उष्णता कुठून निसटते

पुन्हा जगाकडे येऊ. ईएम ७७ आणि त्याच्यासारख्या अनेक जगांच्या आत काचेची दुहेरी भिंतीची बाटली असते. दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते आणि आतल्या बाजूंना आरशासारखा चंदेरी लेप असतो. हवा नाही म्हणून भिंतीतून उष्णता पलीकडे जात नाही, आणि लेप आहे म्हणून किरणांच्या रूपानेही फारशी सुटत नाही. उरतात तोंड आणि झाकण. जवळजवळ सगळी गळती तिथून होते. म्हणजे कॉफी गरम ठेवायची तर बाटलीपेक्षा भरण्याच्या पद्धतीकडे लक्ष द्यायला हवं.

आधी कोमट पाण्याने आतून विसळा, मग गरम पाणी भरून ५ मिनिटं ठेवा, ते ओतून टाका आणि लगेच कॉफी भरा. थंड काचेत कॉफी ओतली तर पहिल्या मिनिटातच ती काही अंश उतरते, आणि ती घट मग भरून निघत नाही. जग काठोकाठ नको, पण झाकणाच्या खालच्या कडेपर्यंत भरलेला हवा. एक लिटरच्या जगात दोन कप कॉफी ठेवली तर आतली रिकामी जागाच ती थंड करते. दोघांच्या घरात अर्ध्या लिटरचा जग घ्यावा, तो जास्त उपयोगी पडतो.

काचेची बाटली मरते ती तीन प्रकारे. आत बर्फाचे खडे टाकले, आतून धातूच्या चमच्याने खरवडलं, किंवा थंडगार बाटलीत एकदम उकळतं पाणी ओतलं. बाटली फुटली नसेल पण आतली पोकळी गेली असेल, तर ओळखायची खूण सोपी आहे. गरम पाणी भरून १५ मिनिटांनी बाहेरून हात लावा. जगाचं अंग सगळीकडून उबदार लागलं तर बाटली निकामी झाली आहे. चांगल्या कंपन्या आतली बाटली सुटी विकतात. तळ उघडायचा, जुनी काढायची, वायसर नीट बसला आहे ना ते पाहायचं आणि नवी बसवायची. जग विकत घेताना ही बाटली सुटी मिळते का, हा पहिला प्रश्न विचारावा. नसेल मिळत, तर तो जग एका फुटक्या काचेपुरताच टिकणार.

कॉफी प्रेस: चार मिनिटं आणि एक जाळी

काचेचं भांडं, वरून दांडा, दांड्याला जाळी. हे यंत्र ‘फ्रेंच प्रेस’ म्हणून ओळखलं जातं, पण जगभरच्या घरांत ते पोहोचवण्यात मोठा वाटा डेन्मार्कच्या बोडमचा. पीटर बोडम यांनी १९४४ साली कोपनहेगनमध्ये सुरू केलेल्या या कंपनीचा पहिला प्रेस, ‘बिस्त्रो’, १९७४ मध्ये आला. तो कार्स्टेन यॉर्गेनसेन यांचा. चकचकीत पायांच्या चौकटीतला ‘शांबोर’ आज बोडमचा चेहरा झाला असला तरी तो मुळात फ्रान्सचा, कंपनीने नंतर घेतलेला.

खरेदीत पहिली चूक मापाची होते. खोक्यावर ‘८ कप’ लिहिलेलं असतं. हा कप सव्वाशे मिलीचा, म्हणजे भांडं एक लिटरचं. ‘३ कप’ म्हणजे ३५० मिली, एका माणसाचा एक मोठा मग. दोघांना रोजची कॉफी करायची तर ‘४ कप’, म्हणजे अर्धा लिटर, पुरेसं होतं.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम पूड. ३५० मिलीला २० ग्रॅम, अर्ध्या लिटरला ३०. पूड जाड्या रव्यासारखी दळलेली हवी. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. ९२ ते ९६ अंशांच्या आसपासचं पाणी हवं आहे. आधी पूड, तिच्यावर थोडं पाणी, पूड फुगली की बाकीचं पाणी, वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडून. लाकडी किंवा प्लास्टिकच्या चमच्याने एकदा ढवळा, झाकण ठेवा, दांडा वरच राहू द्या. चार मिनिटांनी दांडा सावकाश खाली. हाताचं वजन ठेवलं की तो १५-२० सेकंदांत आपोआप उतरायला हवा.

उतरत नसेल तर जोर लावू नका. सगळे अपघात इथे होतात. पूड बारीक असली की ती जाळीची भोकं बुजवते, खाली दाब साठतो, आणि जोर लावला की कडेने गरम कॉफीची चिळकांडी उडते किंवा काच तडकते. दांडा दोन सेंटिमीटर वर घ्या, क्षणभर थांबा, पुन्हा हळू दाबा. तरी अडला तर दाबणं सोडा आणि कॉफी वरून गाळणीने गाळून घ्या. दाक्षिणात्य फिल्टरसाठी मिळणारी चिकोरी मिसळलेली पूड प्रेसमध्ये घालू नये. ती या जाळीसाठी फार बारीक असते आणि चिकोरी पाण्यात विरघळून गाळ घट्ट करते. दुकानात ‘फ्रेंच प्रेससाठी दळून द्या’ असं सांगितलं की बरोबर जाडी मिळते.

दाबून झालं की कॉफी लगेच कपात किंवा जगात ओता. चोथ्यावर बसून राहिली तर दहा मिनिटांत कडू होते.

धुणं हे प्रेसचं खरं काम, आणि बहुतेक जण ते अर्धवट करतात. दांड्याच्या खालचे भाग आट्यांनी बसवलेले असतात: वर कडेला स्प्रिंग असलेली तबकडी, मध्ये जाळी, खाली भोकांची चकती. पाण्याखाली नुसती धरली तर जाळी वरून स्वच्छ दिसते. पण या तीन भागांच्या मध्ये कॉफीचं तेल साठतं आणि आठवडाभरात खवट होतं. ‘कॉफीला वास येतो’ म्हणून लोक पूड बदलतात, दोष असतो जाळीचा. आठवड्यातून दोनदा तिन्ही भाग सुटे करून साबणाने घासा आणि त्याच क्रमाने परत लावा. जाळीच्या कडेचे तार सुटायला लागले की जाळी बदला, कारण ते तार काचेला आतून ओरखडे पाडतात आणि पुढचा तडा तिथूनच जातो. चोथा मोरीत टाकू नका. तो पाइपात सिमेंटसारखा बसतो. कुंडीत टाका, पण मातीत मिसळून.

इथे तब्येतीचीही एक गोष्ट सांगायला हवी. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो. तो रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतो. नॉर्वेमध्ये पूर्वापार कॉफी भांड्यात उकळून, गाळ खाली बसला की वरची ओतून घेत. कागदाने गाळत नसत. त्रोम्सो शहरातल्या लोकांच्या पाहणीतून १९८३ साली कॉफी आणि कोलेस्टेरॉल यांचा संबंध पुढे आला, आणि नंतरच्या अभ्यासात बोट या उकळलेल्या कॉफीकडे गेलं. कागदी फिल्टर हे तेल अडवतो, धातूची जाळी अडवत नाही. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर प्रेसची कॉफी रविवारी प्यावी, रोजची कागदातून गाळलेली.

उत्तरेकडच्याच एका भांड्याने जाळीचा दांडाच काढून टाकला आहे. डेन्मार्कच्या एव्हा सोलोचा ‘कॅफे सोलो’ म्हणजे लांब मानेची काचेची सुरई आणि तिच्यावर चेन लावलेलं जाड कापडी जाकीट. पूड आणि पाणी आत, ढवळायचं, चार मिनिटं थांबायचं, मानेत गाळणी बसवून ओतायचं. दाबायचं काहीच नाही, म्हणून चिळकांडीही नाही. अडचण फक्त धुण्याची: मान अरुंद, हात आत जात नाही, लांब दांड्याचा बाटलीब्रश लागतो.

चहाची किटली: पत्ती वेळेवर कशी थांबवायची

चहा कडू होतो कारण पत्ती पाण्यात राहते. यावर बोडमच्या ‘आसाम’ किटलीतला उपाय हुशार आहे. मध्ये उभी नळीसारखी गाळणी. तिला भोकं फक्त वरच्या भागात, खालचा भाग बंद. चहा मुरला की वरचा दांडा दाबायचा. पत्ती खालच्या बंद भागात जाऊन बसते, तिच्यापर्यंत पाणी पोहोचत नाही, आणि चहा आहे त्याच कडकपणावर थांबतो. पत्ती बाहेर काढायला नको, ओली गाळणी कुठे ठेवायची हा प्रश्न नको.

ही युक्ती चालायला तीन गोष्टी लागतात. किटली भोकांच्या पातळीच्या वरपर्यंत भरलेली हवी. अर्धी भरली तर पाणी पत्तीपर्यंत नीट पोहोचतच नाही. पत्ती भिजून कित्येक पट फुगते, म्हणून लिटरभराला १० ते १२ ग्रॅमच्या वर घालू नये, नाहीतर दांडा खाली जात नाही. आणि पत्ती अखंड पानांची हवी. किटलीचं नाव आसाम असलं तरी आपल्या घरात येणारा आसामचा दाणेदार सीटीसी चहा तिच्यात घालण्याजोगा नाही. दाणे भोकांतून निसटतात, रंग दोन मिनिटांत काळाकुट्ट होतो. पानांचा दार्जिलिंग, निलगिरी किंवा आसामचाच ऑर्थोडॉक्स चहा घ्या: काळ्याला उकळतं पाणी आणि ३ ते ४ मिनिटं, हिरव्याला ७५ ते ८० अंशांचं पाणी आणि २ मिनिटं.

स्टीलच्या किटल्यांमध्ये आर्ने याकोबसेन यांचं नाव वर येतं. कोपनहेगनच्या एसएएस हॉटेलचे हे वास्तुशिल्पी. स्टेल्टनसाठी त्यांनी केलेली ‘सिलिंडा’ मालिका १९६७ साली आली आणि ती प्रत्यक्षात आणायला सुमारे तीन वर्षं लागली. कागदावर नुसतं नळकांडं काढणं सोपं. पण पातळ स्टीलचं खरंखुरं गोल, सांधा न दिसणारं नळकांडं त्या काळी कारखान्यात निघत नव्हतं. जोडायच्या आणि घासायच्या नव्या पद्धती बसवाव्या लागल्या. मॅग्नुसेन यांचा जगही याच मालिकेशेजारी शोभावा म्हणून नळकांड्याच्या आकारात आला.

वापरताना दोन गोष्टी. एकेरी भिंतीचं स्टील बाहेरून भाजतं आणि चहा लवकर गार होतो, तेव्हा ती ओतायची किटली आहे, साठवायची नाही. आणि गॅसवर ठेवू नये. काळा कान वितळतो, तळाचा रंग कायमचा निळसर-पिवळा होतो. घासताना स्टीलवरच्या बारीक रेषा ज्या दिशेने जातात त्याच दिशेने मऊ स्पंज फिरवा. गोल गोल घासलं की पहिल्याच दिवशी चरे दिसतात आणि ते जात नाहीत.

चोचीविषयी जरा थांबून सांगायला हवं, कारण किटली चांगली की वाईट हे चोच ठरवते. हळू ओतताना पाणी चोचीच्या काठाला चिकटतं, काठ ओलांडून खालच्या बाजूने ओघळतं आणि टेबलक्लॉथवर डाग पडतो. काठ जाड आणि गोलसर असेल तर पाण्याला वळायला सोपं जातं. काठ पातळ, धारदार आणि टोकाशी किंचित खाली वळलेला असेल तर धार तुटते. उत्तरेकडच्या चांगल्या किटल्यांत चोचीचं टोक झाकणाच्या पातळीइतकं वर असतं, नाहीतर किटली पूर्ण भरताच चोचीतून सांडते. झाकणाला एक बारीक भोकही लागतं. आत हवा गेली नाही की धार गचके खात पडते. घरी असलेली किटली ओघळत असेल तर चोचीच्या खाली तुपाचं बोट फिरवून पाहा. तुपाला पाणी चिकटत नाही, तेवढ्या वेळेपुरता ओघळ बंद होतो.

कप, मग आणि दुहेरी काचेचे ग्लास

तेमाचा मग ३०० मिलीचा. फिनलंडमध्ये दरडोई वर्षाला दहा किलोच्या आसपास कॉफी खपते आणि ती हलकी भाजलेली, पातळ असते, तिथे हे माप बरोबर. आपला आलं घातलेला, दाट चहा एका वेळी १०० ते १२० मिली लागतो. एवढा चहा मोठ्या मगात तळाशी जातो, जाड भिंत त्याची उष्णता शोषते आणि तिसऱ्या घोटाला तो कोमट. घरात दूधचहाच होत असेल तर याच मालिकांतले लहान कप पाहावेत. ते दुकानात एस्प्रेसो किंवा कॅपुचिनोचे कप म्हणून ठेवलेले असतात, ८० ते २०० मिलीचे.

दुहेरी काचेचे ग्लास या बाबतीत जास्त जुळतात. आत चहा तरंगतो आहे असं वाटतं आणि बाहेरून बोट भाजत नाही. या दोन भिंतींत पोकळी नसून साधी हवा असते, त्यामुळे थर्मासची अपेक्षा ठेवू नये. काच बोरोसिलिकेट लागते. आतली भिंत तापून फुगते, बाहेरची थंडच राहते, आणि साध्या काचेला हा ताण सोसत नाही. बोरोसिलिकेट तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते. बोडमच्या ‘पाविना’ ग्लासच्या तळाला एक बारीक छिद्र आणि त्यावर सिलिकॉनचं बूच असतं. आतली हवा तापून फुगली की वाट मिळावी म्हणून ते आहे. ते बूच नखाने उकरू नका. धुताना त्यातून पाणी शिरलं आणि आतून धुकं दिसू लागलं, तर ग्लास उबदार, कोरड्या जागी काही दिवस ठेवा. आतली भिंत फार पातळ असते. स्टीलच्या चमच्याने साखर ढवळताना एक ओरखडा पडतो आणि महिन्याभराने ग्लास ‘आपोआप’ फुटतो. साखर किटलीतच घाला.

इनॅमलच्या भांड्यांविषयी थोडक्यात. आंत्ती नुर्मेस्निएमी यांचा १९५७ चा फिनेल कॉफीपॉट फिनलंडमध्ये घराघरात होता. इनॅमल म्हणजे पत्र्यावर भट्टीत वितळवून बसवलेली काच. कोरडं तापलं की तडकतं, आपटलं की टवका उडतो आणि तिथून पत्रा गंजतो. आतून टवका उडालेलं भांडं खाण्यापिण्यासाठी वापरू नये.

आपला दूधचहा या भांड्यांत चालतो का

ओतायला आणि वाढायला चालतो, करायला नाही. चहा नेहमीसारखा पातेल्यात करा, बारीक गाळणीने गाळा आणि आधी गरम केलेल्या किटलीत किंवा जगात ओता. प्रेसमध्ये दूधचहा करू नका. साय जाळीत अडकते आणि धुऊनही वास राहतो.

जगात दूधचहा ठेवायचा तर एक ते दोन तासच. दूध ६० अंशांच्या खाली येऊन तासन्‌तास उबदार राहिलं की जंतू वाढायला ते उत्तम ठिकाण ठरतं. काळी कॉफी दिवसभर राहिली तर फक्त चव जाते, दूधचहा नासतो. रिकामा झाला की त्याच वेळी धुवा, डुलत्या झाकणाची झडपही. झडपेच्या कडेला साय वाळली तर ती पुरती बंद होत नाही आणि जग गार पडू लागतो.

डाग, क्षार आणि पावसाळा

बोअरच्या पाण्याच्या भागात काचेवर पांढरा थर येतो. अर्धा लिटर गरम पाण्यात दोन लहान चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, विरघळवा, वीस मिनिटं ठेवा, दोनदा विसळा. चहाचा तपकिरी डाग वेगळा. त्याला खायचा सोडा लागतो. ओल्या फडक्यावर सोडा घेऊन पुसा. जगाच्या आत हात जात नाही, तेव्हा एक मोठा चमचा सोडा घालून गरम पाण्याने भरा आणि रात्रभर झाकण न लावता ठेवा. सोडा आणि लिंबूसत्त्व एकत्र घालून झाकण लावणं धोक्याचं आहे. वायू तयार होतो आणि काचेची बाटली फुटू शकते.

स्टीलला ब्लीच लावू नका, त्यातल्या क्लोरीनने बारीक खड्डे पडतात. सागवानी कान किंवा मूठ असलेल्या किटल्या पाण्यात भिजत ठेवू नयेत. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात लाकूड फुगतं, बुरशी धरतं. धुतल्यावर लगेच पुसा आणि महिन्यातून एकदा खाद्य प्रतीच्या खनिज तेलाचा हात फिरवा. खाण्याचं गोडंतेल वापरलं तर ते चिकट होऊन खवट होतं.

घेताना

नवं घ्या किंवा जुनं, हातात घेऊनच घ्या. किटली पाण्याने भरलेली आहे असं समजून धरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि कानात दोनच बोटं जात असतील तर ते वजन मनगटावर येतं. झाकण बसवून किटली ओतायच्या कोनात वाकवा. झाकण घसरलं तर रोज एका हाताने झाकण धरूनच ओतावं लागेल. तोंडातून हात आत जातो का पाहा. काच, जाळी, वायसर सुटे मिळतात का विचारा.

स्वीडन, डेन्मार्कमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना जुन्या वस्तूंच्या बाजारात ही भांडी स्वस्तात मिळतात. स्वीडनमध्ये अशा बाजाराला ‘लॉपिस’ म्हणतात. तिथे दोन गोष्टी तपासा. आतून भडक केशरी, पिवळा किंवा लाल लेप असलेली फार जुनी भांडी शोभेला ठेवा, त्यात चहा-कॉफी नको; त्या काळच्या लेपांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. आणि कप माठासारखा तपासा. तळहातावर उभा ठेवून काठाला टिचकी मारा. स्वच्छ, लांबणारा आवाज आला तर कप धड आहे. बद्द वाजला तर डोळ्यांना दिसो न दिसो, कुठेतरी केसाएवढा तडा आहे, आणि उकळता चहा तो शोधून काढेल.